मिश्र वर्गासाठी अभ्यासक्रमाची आखणी

महाविद्यालयातला वर्ग मिश्र आहे असे म्हणताना त्यात वेगवेगळ्या भाषांची, जातिधर्मांची, प्रदेशांची आणि आर्थिक स्थितीतली मुले-मुली एकत्र बसतात, एवढाच अर्थ घेतला जातो. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ आणखी थोडा पुढे जातो. एकच वाक्य ऐकताना या मुलांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहत नाही. उदाहरणे, प्रश्न आणि परीक्षा मात्र एकाच चित्रावर बेतलेल्या असतात. मग काही मुलांना विषय आपला वाटतो आणि बाकीच्यांना तो पाठ करून पार पाडायचा भार वाटतो. ही दरी अभ्यासक्रमाच्या आखणीतून बरीच कमी करता येते.

उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्यात असे मिश्रण दोन प्रकारे घडते. पहिला प्रकार स्थानिक आहे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती आणि त्यातले पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. उमरगा तालुक्याची हद्द कर्नाटकातल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांना लागते, त्यामुळे त्या पट्ट्यात अनेक घरांत कानडी बोलली जाते. तांड्यांवर गोरमाटी, मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी आणि उर्दू, तर गावागावांत मराठवाडी वळणाची मराठी चालते. विद्यापीठाचा उपपरिसर असो की तालुक्याच्या गावचे महाविद्यालय, ही सगळी बोलणी एकाच वर्गात येऊन बसतात.

दुसरा प्रकार तुळजापुरात दिसतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर तेथे १९८६ पासून आहे आणि त्यातले प्रवेश देशपातळीवर होतात. ईशान्य भारत, बिहार, ओडिशा किंवा केरळमधून आलेला विद्यार्थी आणि शेजारच्या गावातून आलेला विद्यार्थी तेथे एकाच बाकावर बसू शकतात. पहिल्याला गावात मराठी येत नाही म्हणून अडते, दुसऱ्याला वर्गात इंग्रजी येत नाही म्हणून. दोघांची अडचण उलट दिशांची असली तरी आखणीने काढायचा मार्ग बराचसा एकच आहे.

शिकण्याची ओढ कशावर टिकते

‘मुलांना शिकायचेच नाही’ हे वाक्य प्राध्यापकांच्या खोलीत वारंवार ऐकू येते. ते बहुतेक वेळा अपुरे असते. वर्गात गप्प बसणारी मुलगी घरी बचत गटाचा हिशोब लिहीत असते. मागच्या बाकावर पेंगणारा मुलगा पहाटे दूध घालून, पहिली एसटी पकडून आलेला असतो. शिकण्याची ताकद त्यांच्यात असते. समोरच्या विषयात ती लावावी असे काही त्यांना दिसत नसते.

प्रेरणेवर झालेल्या संशोधनातून याची कारणे बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहेत. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मनापासूनच्या शिकण्यासाठी तीन गरजा मांडल्या: स्वतः निवड करता येणे, आपल्याला जमते आहे हे जाणवणे आणि आपण इथले आहोत असे वाटणे. रेमंड व्लॉडकोव्स्की आणि मार्जरी गिन्सबर्ग यांनी १९९५मध्ये महाविद्यालयीन वर्गांसाठी चार अटींची चौकट दिली. वर्गात प्रत्येकाला आदराने सामावून घेतले जावे, विषयाकडे पाहण्याची अनुकूल दृष्टी तयार व्हावी, अभ्यासाला अर्थ यावा आणि विद्यार्थ्याला स्वतःची वाढती क्षमता दिसावी, अशा त्या चार अटी आहेत.

या चार अटी एकमेकींना धरून असतात. आदर आहे पण अभ्यासात अर्थ नाही, तर वर्ग खेळीमेळीचा होतो आणि शिकणे होत नाही. अर्थ आहे पण यशाचा अनुभव नाही, तर मूल दोन महिन्यांत हात टेकते. म्हणून आखणी करताना प्रत्येक घटकाला हे चार प्रश्न लावून पाहावेत: यात कोणाला जागा मिळाली, हे का शिकायचे ते कळले का, यात कोणाचा अनुभव वापरला गेला, आणि प्रत्येकाला आपली प्रगती कुठे दिसली.

शिक्षकाच्या हातात काय आहे

संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम शिक्षक ठरवत नाही. घटक, श्रेयांक आणि लेखी परीक्षेचे स्वरूप विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून येते. यावर बोट ठेवून अनेकदा आखणीचा प्रश्नच बाजूला सारला जातो. प्रत्यक्षात बरेच काही शिक्षकाच्या हातात उरते. घटकांची मांडणी, उदाहरणे, वाचनसामग्री, तासातली कामे, गटांची रचना, अंतर्गत मूल्यमापन आणि त्याच्या तारखा ही सगळी त्याचीच कामे आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात झालेल्या नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळतात. विद्यार्थ्याचे गाव, शेत आणि बाजार अभ्यासात आणायला ही हक्काची जागा आहे. ती केवळ फाइल भरून घेण्यात वाया जाऊ नये.

पहिला आठवडा: वर्ग ओळखणे

आखणीचा पहिला भाग म्हणजे वर्गात कोण आहे हे समजून घेणे. त्यासाठी एक पानी लेखी विचारणा पुरते. ती विद्यार्थ्याने हव्या त्या भाषेत भरावी आणि शिक्षकाशिवाय कोणी वाचू नये. त्यात पुढील प्रश्न असावेत:

– घरी कोणत्या भाषा बोलल्या जातात, आणि वाचायला कोणती भाषा सोपी जाते?
– बारावीपर्यंतचे माध्यम कोणते होते?
– महाविद्यालयात पोहोचायला किती वेळ लागतो, आणि शेवटची एसटी किती वाजता असते?
– वर्षातल्या कोणत्या महिन्यांत घरी किंवा शेतात काम जास्त असते?
– फोन स्वतःचा आहे की घरात एकच आहे?
– कोणते काम इतरांना शिकवता येईल इतके चांगले येते?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा असतो. त्याच्या उत्तरांत शेळ्या पाळणे, विहिरीची मोटर दुरुस्त करणे, कशिदा काढणे, बाजारात भाव करणे, भजनात पखवाज वाजवणे असे कितीतरी येते. ही यादी म्हणजे पुढच्या सत्राच्या उदाहरणांचा साठा आहे.

जात, धर्म आणि उत्पन्न या विचारणेत विचारू नये. ती माहिती कार्यालयात असते आणि शिकवण्याला तिची गरज नसते. शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात मोठ्याने वाचणे, हजेरी घेताना प्रवर्गाचा उल्लेख करणे या सवयी मोडाव्यात. सत्राच्या पहिल्याच दिवशी चारचौघांत आपली ओळख प्रवर्गावरून झाली की आदराची अट तिथेच तुटते, आणि पुढे कितीही चांगले शिकवले तरी ती सहज जुळत नाही.

शेवटापासून सुरुवात

ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८मध्ये मांडलेली उलट आखणीची पद्धत मिश्र वर्गासाठी विशेष उपयोगाची आहे. घटक शिकवून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे तीत आधी ठरते. ते आले हे कशावरून ओळखायचे, हे नंतर ठरते. काय आणि कसे शिकवायचे, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो.

मिश्र वर्गात याचा फायदा असा की पोहोचण्याचे ठिकाण सर्वांसाठी एकच राहते आणि वाटा वेगळ्या ठेवता येतात. अपेक्षा कमी करणे हा समावेश नव्हे. ग्रामीण किंवा वंचित घरातल्या मुलासाठी सोपा प्रश्न काढणारा शिक्षक सद्हेतूने वागत असला, तरी ‘तुझ्याकडून एवढेच होईल’ हेच तो त्या मुलाला सांगत असतो. मुले हे लगेच ओळखतात.

अपेक्षित फळ लिहिताना ‘समजणे’, ‘माहिती होणे’ असे सैल शब्द टाळावेत. ‘दोन आकडेवारींची तुलना करून निष्कर्ष लिहिता येणे’, ‘मुलाखतीतून मिळालेली माहिती तपासता येणे’ अशी कृती दाखवणारी वाक्ये लिहावीत. ती सत्राच्या सुरुवातीलाच सर्वांच्या हातात द्यावीत. घरात याआधी कोणी महाविद्यालयात गेले नसेल, तर परीक्षक काय शोधतो हे सांगणारे घरी कोणी नसते. ही माहिती उघड करणे हाच न्यायाचा पहिला भाग आहे.

एक घटक जवळून: दुष्काळ

अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा भूगोलाच्या पदवी अभ्यासक्रमात ‘दुष्काळ’ हा घटक कुठेतरी येतोच. नेहमीच्या पद्धतीत तो तीन मथळ्यांत शिकवला जातो: कारणे, परिणाम, उपाय. दुष्काळ स्वतः पाहिलेली मुलेही मार्गदर्शक पुस्तकातून हे मथळे पाठ करतात आणि आपल्या गावाचे नावही उत्तरात लिहीत नाहीत.

हाच घटक शेवटापासून आखायचा तर अपेक्षित फळ असे लिहिता येईल: एका गावाची पैसेवारी कशी ठरते हे विद्यार्थ्याला सांगता यावे, आणि त्या आकड्यातून काय दिसते व काय निसटते हे पुराव्यानिशी मांडता यावे.

पैसेवारी हा शब्द शेतकऱ्याच्या घरी माहीत असतो, पण तिची रीत सहसा माहीत नसते. गावातल्या निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग होतात. मिळालेल्या उत्पन्नाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना केली जाते. खरिपासाठी नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत आकडा जाहीर होतो. अंतिम पैसेवारी ५०च्या खाली गेली की टंचाई मानून सवलती देण्याची रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली. जमीन महसुलातली सूट, कर्जवसुलीला स्थगिती यांच्यासोबत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही त्या सवलतींत असते. ही एक ओळ वर्गात आली की घटकाचा सूर बदलतो. ज्या आकड्यावर आपली परीक्षा फी ठरते, तो कोण आणि कसा काढतो, हे जाणून घ्यायला कोणाला वेगळी प्रेरणा द्यावी लागत नाही.

पुढचा भाग तुलनेचा. केंद्र सरकारच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाची तूट, पिकांची हिरवाई दाखवणारे उपग्रह निर्देशांक, जमिनीतला ओलावा अशा निकषांवर भर दिला. म्हणजे विद्यार्थ्यापुढे मोजमापाच्या दोन पद्धती येतात: एक शेतातली, दुसरी आकाशातून घेतलेली. कोणत्या पद्धतीत कोणते गाव सुटते, हा प्रश्न पदवीच्या कुठल्याही पातळीवर भक्कम आहे.

आता वर्गातले मिश्रण कामी येते. आसाम किंवा उत्तर बिहारमधून तुळजापुरात आलेल्या विद्यार्थ्याला टँकरची रांग माहीत नसते, पण पुरात बुडालेल्या शेताचा पंचनामा माहीत असू शकतो. आपत्ती मदतीच्या नियमांत पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान हा उंबरठा धरला जातो. तो कसा मोजतात, चिखलात मोजणारा पोहोचतो कधी, हे तो विद्यार्थी सांगू शकतो. २०२५च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागाने अतिवृष्टी आणि पूर पाहिला. त्यामुळे पुराचा अनुभव आता धाराशिवच्या मुलांनाही परका नाही. बाहेरून आलेल्याचे ज्ञान इथल्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते आणि इथल्याचे ज्ञान बाहेरच्याच्या. दोघांनाही वर्गात देण्यासारखे काही असते, आणि ‘आपण इथले आहोत’ ही भावना त्यातूनच येते.

काम वाटण्यासाठी इलियट ॲरन्सन यांची तुकडेजोड पद्धत वापरावी. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १९७१मध्ये काळ्या, गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना शाळांमध्ये प्रथमच एकत्र बसवले गेले, तेव्हा निर्माण झालेला तणाव कमी करण्यासाठी त्यांनी ती घडवली. गटातल्या प्रत्येकाकडे विषयाचा एकच तुकडा असतो, आणि चित्र पुरे व्हायला प्रत्येकाचे ऐकावेच लागते. दुष्काळाच्या घटकाचे पाच तुकडे सहज पडतात: पावसाच्या नोंदी, पीक कापणी, पिण्याचे पाणी, जनावरे आणि स्थलांतर. जनावरांचा तुकडा घेणाऱ्याला उस्मानाबादी शेळीपाशी थांबता येते. कोरडवाहू भागात तग धरणारी ही जात अडीअडचणीला विकून रोख देते. शेळ्यांची विक्री कोणत्या महिन्यात वाढली, हे आठवडी बाजारात विचारले तर टंचाईचा एक निर्देशांक हाती येतो, आणि तो कोणत्याही सरकारी तक्त्यात नसतो.

स्थलांतराचा तुकडा सर्वांत नाजूक आहे. वर्गातल्या काही मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. उचल, मुकादम, टोळी हे शब्द त्या घरांत रोजचे असतात. नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजली जाते. पाठ्यपुस्तकातला ‘श्रमिक’ एकटा असतो, इथे मात्र मजुरीचे एकक जोडपे असते. बाईच्या मजुरीचा वेगळा आकडाच का सापडत नाही, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे. श्रमबाजाराचा असा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. तरीही ‘तुझे घरचे जातात ना, तूच सांग’ असे कोणालाही म्हणू नये. शिक्षकाने स्वतः छापील साहित्यातून विषय उभा करावा आणि दार उघडे ठेवावे. ज्याला बोलायचे आहे तो बोलेल, ज्याला नाही त्याला आपले ज्ञान नाव न घालता उत्तरात वापरता येईल.

भाषेची गाठ

या जिल्ह्यातला उच्च शिक्षणाचा इतिहास परक्या माध्यमाचा आहे. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८मध्ये सुरू झाले आणि तेथील माध्यम उर्दू होते. पदवी घ्यायची तर मराठी घरातल्या मुलाला घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. १९५८मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले, तेव्हा पदवीचे शिक्षण भाषेने आणि अंतरानेही जवळ आले. आज तीच अडचण इंग्रजीच्या रूपाने, आणि कानडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांसाठी प्रमाण मराठीच्या रूपाने उभी राहते.

प्रमाण मराठीचा मुद्दा सहसा ध्यानात येत नाही. ‘मृदा क्षरण’ हा शब्द मराठी असला तरी शेतकऱ्याच्या मुलालाही तो परकाच असतो. माती वाहून जाते हे त्याने बांधावर उभे राहून पाहिलेले असते, पण त्या पाहण्याचे नाव हे असे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून प्रत्येक घटकासाठी पंधरा-वीस शब्दांचा तक्ता करावा. एका रकान्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात पाठ्यपुस्तकातला मराठी शब्द, तिसऱ्यात बोलण्यातला शब्द. चौथा रकाना रिकामा ठेवावा. तो विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या भाषेत भरावा. तक्ता भिंतीवर लागला की कानडी आणि गोरमाटी शब्द प्रथमच महाविद्यालयाच्या भिंतीवर येतात.

तासात भाषेचा क्रम ठरवून घ्यावा. आधी दोघादोघांनी हव्या त्या भाषेत बोलावे, मग मुद्दे लिहावेत, त्यानंतर परीक्षेच्या भाषेत दोन-तीन वाक्ये तयार करावीत. विचार आधी आणि भाषांतर नंतर, असा हा क्रम आहे. उलट केले की मुले वाक्य जुळवण्यात अडकतात आणि विचार हरवतो. इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही हा क्रम चालतो, आणि त्याने इंग्रजी कच्ची राहत नाही. लेखनातली शब्दांची चूक आणि विचारातली चूक शिक्षकाने वेगवेगळ्या रंगांत दाखवावी, म्हणजे ‘मला विषयच येत नाही’ असा गैरसमज होत नाही.

गट, चर्चा आणि शांतता

गट मुलांवर सोडले तर ते एका गावचे, एका एसटीचे, एका वसतिगृहाचे होतात. पहिल्या दोन आठवड्यांत हे चालू द्यावे, कारण ओळखीच्या माणसांत धीर येतो. त्यानंतर शिक्षकाने चार-पाच जणांचे मिश्र गट करावेत आणि ते निदान महिनाभर टिकवावेत. रोज बदलणाऱ्या गटात विश्वास तयार होत नाही. एखादी कानडी बोलणारी किंवा परराज्यातली मुलगी गटात अगदी एकटी पडणार नाही, हे पाहावे. नोंद लिहिणारा, वेळ पाहणारा, मांडणी करणारा या भूमिका फिरत्या असाव्यात. नाही तर लिहिण्याचे काम नेहमी मुलींकडे आणि बोलण्याचे ठरावीक मुलांकडे जाते.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याची सवय लावून घ्यावी. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली, सुधारली आणि जी मुले एरवी बोलत नव्हती तीही बोलू लागली. दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला हे तीन सेकंद फार गरजेचे असतात. मोठ्या वर्गात प्रश्नानंतर एक मिनिट कागदावर लिहू द्यावे आणि मग विचारावे.

गप्प राहणे म्हणजे अनास्था नव्हे. मोठ्यांपुढे उलट बोलू नये ही घरची शिकवण, बोलण्यातल्या हेलाला हसण्याची भीती, आडनावावरून ओळखले जाण्याची धास्ती अशी वेगवेगळी कारणे त्यामागे असतात. हेलाला कोणी हसले तर शिक्षकाने तिथल्या तिथे, शांतपणे आणि ठामपणे थांबवावे. एकदा दुर्लक्ष झाले की तो नियम होतो.

मूल्यमापन

सत्राच्या तिसऱ्या आठवड्याआधी एक लहान, कमी गुणांचे काम करून घ्यावे आणि आठवड्याभरात तपासून परत द्यावे. आपल्याला जमते आहे की नाही हे मुलांना सत्र हातचे जाण्यापूर्वी कळले पाहिजे. उशिरा मिळालेला शेरा पुढच्या कामाच्या काही उपयोगी पडत नाही.

कामाचे निकष एक आणि रूप निवडीचे ठेवावे. दुष्काळाच्या घटकात कोणी लेखी टिपण देईल, कोणी ध्वनिमुद्रित मुलाखत आणि तिचा सारांश, कोणी नकाशा आणि त्यावरचे विवेचन. पुराव्याची निवड, तर्काची सलगता आणि मर्यादांची कबुली हे निकष तिन्ही रूपांना सारखेच लागू होतात. मात्र विद्यापीठाची अंतिम परीक्षा लेखी असेल, तर निदान एक काम लेखीच असावे आणि त्याचा सराव वर्गात व्हावा. निवडीच्या नावाखाली मूल लेखी परीक्षेत उघडे पडता कामा नये.

शेरा कसा लिहायचा, यावरही संशोधन आहे. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी १९९९मध्ये दाखवले की पूर्वग्रहाची झळ बसणाऱ्या गटातले विद्यार्थी कोरड्या टीकेवर आणि पोकळ स्तुतीवर विश्वास ठेवत नाहीत. टीका नेमकी असेल, सोबत अपेक्षा उंच आहे हे सांगितले असेल आणि ती गाठण्याची क्षमता तुमच्यात आहे असा भरवसा दिला असेल, तर ते पुन्हा लिहायला तयार होतात. ‘ठीक’, ‘अपूर्ण’ अशा एकशब्दी शेऱ्यांऐवजी असे लिहावे: ‘तिसऱ्या परिच्छेदात टँकरचा आकडा आहे, पण तो कोणत्या महिन्याचा ते नाही. ते शोधून घाला. या निबंधाकडून अधिक अपेक्षा आहे आणि ती पुरी करण्याइतकी सामग्री तुम्ही जमवली आहे.’

तारखा ठरवताना

वेळापत्रक हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि मळणी असते, तेव्हा शेतकरी घरातली मुले तासांना कमी येतात. तुळजापुरात शारदीय नवरात्र आणि त्यानंतरची अश्विनी पौर्णिमा यांच्या गर्दीत रस्ते वळवले जातात आणि एसटीचे वेळापत्रक कोलमडते. रमजानात दुपारनंतरचे लांब तास उपवास करणाऱ्या मुलांना जड जातात. ईशान्येकडच्या विद्यार्थ्याला तुळजापुराहून सोलापूर गाठून पुढे काही दिवसांचा प्रवास असतो, म्हणून दोन दिवसांच्या सुटीत त्याला घर गाठता येत नाही. सादरीकरण आणि मोठी कामे या दिवसांत ठेवू नयेत. तारखा सत्राच्या पहिल्या आठवड्यात जाहीर कराव्यात आणि एक काम उशिरा देण्याची मुभा कारण न विचारता सर्वांना द्यावी. अडचण सांगण्यासाठी घरची परिस्थिती उघडी करावी लागणे हीच अनेकांना मोठी शिक्षा वाटते.

टाळण्याच्या चुका

विविधता म्हणजे वर्षातून एक दिवस पोशाख, खाद्यपदार्थ आणि नाच, अशी समजूत सर्वत्र आहे. त्या दिवसाचा आनंद खरा असतो, पण दुसऱ्या दिवशीच्या तासात जुनीच उदाहरणे आली तर शिकण्यात काहीच बदलत नाही. दुसरी चूक म्हणजे ‘माझ्यासाठी सगळे सारखेच’ असे म्हणून फरकांकडे पाठ फिरवणे. वागणूक समान हवीच, पण फरक न पाहणाऱ्याला अडलेले मूलही दिसत नाही. तिसरी चूक एका विद्यार्थ्याला त्याच्या समाजाचा किंवा राज्याचा प्रतिनिधी करण्याची. नागालँडच्या मुलीने ईशान्येतल्या सगळ्या राज्यांचे उत्तर द्यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. एक माणूस आपला अनुभव सांगतो, आपल्या समाजाचा निवाडा देत नाही.

सत्राच्या मध्यावर आणि शेवटी

सहाव्या-सातव्या आठवड्यात बिननावाच्या चिठ्ठीवर तीन प्रश्न विचारावेत: कशामुळे शिकणे सोपे झाले, कशामुळे अडले, आणि पुढच्या महिन्यात एक गोष्ट बदलायची तर कोणती. उत्तरे वाचून पुढच्याच तासाला काय बदलले आणि काय बदलता येणार नाही, हे कारणासह सांगावे. विचारून काहीच न करण्यापेक्षा न विचारलेले बरे. याच वेळी हजेरी आणि जमा झालेल्या कामांची यादी शेजारी ठेवून पाहावी. एकाच मार्गावरच्या एसटीने येणारी किंवा एकाच माध्यमातून आलेली मुले मागे पडत असतील, तर दोष मुलांच्या आळसात न शोधता आखणीत शोधावा.

सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांनी गोळा केलेली गावांची टिपणे, शब्दांचे तक्ते आणि बाजारातल्या नोंदी त्यांच्या संमतीने, गरज असेल तेथे नावे वगळून, विभागाच्या कपाटात जपाव्यात. पुढच्या वर्षीच्या वाचनसामग्रीत त्यांतली दोन-तीन टिपणे छापील पाठ्यपुस्तकाच्या जोडीला लावावीत. दोन-तीन वर्षांत अशी सामग्री जमते की नव्या तुकडीतल्या लोहाऱ्याच्या किंवा वाशीच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात आपल्या तालुक्याचे नाव अभ्यासाच्या कागदावर सापडते. आपल्यासारख्याच कोणीतरी लिहिलेले ते टिपण वाचून, त्यात काय राहून गेले हे शोधण्यापासून त्याचा स्वतःचा अभ्यास सुरू होतो.